बोटीला ब्रेक नसतो

४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

ताईचे आशीर्वाद, तू जिथे तरंगत असशील तिथे पोचोत.

तुझं पत्र आलं. 'घर भाड्यानं दिलं, बोटीवर राहायला आलो, मजेत आहोत.' एवढंच? आणि त्यासाठी अख्खा कोरा कागद! उरलेल्या जागेवर मीच हे लिहिते आहे. म्हणजे तुझं पत्र तुलाच परत येतंय, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

पाकिटावर बंदराच्या कचेरीचा पत्ता पाहून पोस्टातल्या बाईंनी दोनदा विचारलं, "घर नंबर?" मी म्हटलं, "घर चालतं आहे, नंबर कुठला?" त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

अगं, माणसं निवृत्त झाली की गुडघे सांभाळतात. भावोजींनी आयुष्यभर बस चालवली, तू डेपोच्या भोंग्यावरून गाड्यांच्या वेळा सांगितल्यास. जमिनीवर एवढे नीट होतात, मग हे जुनं लाकूड विकत घेऊन पाण्यात कशाला शिरलात? पण घेतलीच आहे तर आता मला सगळं सांग. मी आजवर बोट पाहिली ती कॅलेंडरवर. स्वयंपाक कुठे करतेस? बोट कलली तर दूध पातेल्यात राहतं का? नांगर टाकला की बोट जागच्या जागी उभी राहते का? समोरासमोर दोन बोटी आल्या तर बाजूला कोणी व्हायचं? देवाची तसबीर टांगली आहेस ना, की देवही आडवे होतात? आणि मुख्य म्हणजे काठाला लावताना बोट थांबवतात कशी? ब्रेक पायाशी असतो की हाताशी?

आमचे हे म्हणतात, "तिला बोटीबद्दल विचार, तुझ्या सवयीप्रमाणे तब्येतीबद्दल विचारू नकोस." म्हणून विचारत नाही. पण कळव.

तुझी,
ताई


१३ सप्टेंबर

ती. ताईस,

पाण्यावरून नमस्कार. जरा हललेलं अक्षर गोड मानून घे. माझं नाही, टेबल हलतंय.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं घे. इथली शेगडी दोन खिळ्यांवर झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कितीही कलली तरी शेगडी सरळच राहते, कलंडायचं आपण. सासरी आले तेव्हा मला हेच शिकवलं होतं, तेव्हा समजलं नाही. दूध पातेल्यात राहतं. दूध ओतणारी राहत नाही.

नांगर टाकला म्हणून बोट उभी राहते असं नाही. ती खुंटीला बांधलेल्या शेळीसारखी गोल फिरत राहते. निजताना खिडकीत टेकडी असते, उठावं तर बर्फाचा कारखाना. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्याला कोणी पळवून नेलं.

दोन बोटी समोर आल्या तर इंजिनवालीनं शिडावालीला वाट द्यायची, असा नियम आहे. पण समोरची बोट आपल्या घराच्या दसपट असेल, तर तिला नियम पाठ आहे का हे विचारत बसू नये. आपणच वळावं आणि नंतर मनात म्हणावं, की नियमानं वाट आपली होती.

आणखी एक शिकले. दोर मोकळा पडलेला असला की तो आपला पाय शोधत येतो. आणि वारा पडलेला असताना बोट धक्क्याला अलगद लावली, तर पाहायला कुत्रंही नसतं. वारा सुटला की अख्खं बंदर सल्ला द्यायला हजर. त्यातही प्रत्येकाचा सल्ला वेगळा.

तसबीर भिंतीला दोन्ही बाजूंनी ठोकली आहे. देव सरळ आहेत, बोट त्यांच्याभोवती वाकडी होते.

आता ब्रेक. ताई, बोटीला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवायचं. मग बोट थोडा वेळ विचार करते, आणि मग थांबते किंवा थांबत नाही. म्हणून धक्क्याला लागताना आमच्याकडे फार आरडाओरडा होतो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. खोली केवढी, तर आपल्या न्हाणीघराएवढी. तेवढ्यात अबोला धरायचा म्हणजे चमचा मागायचीही पंचाईत. पण ते जाऊ दे.

पुढच्या महिन्यात मोठी खाडी ओलांडायची आहे. पलीकडच्या बंदरात वाऱ्याचे वाईट महिने काढायचे. उशीर केला तर वारा उलटतो आणि वाट बंद. एकट्यानं ओलांडता येत नाही. एकाला मागे सुकाणू धरावं लागतं, एकाला पुढे टोकावर दोर घेऊन उभं राहावं लागतं. आम्ही दोघं आहोत, तेव्हा काळजी नाही.

तुझी,
भिंगरी


१९ सप्टेंबर

भावोजींना सप्रेम नमस्कार.

तुम्हाला वेगळं पत्र लिहिण्याची वेळ आजवर आली नव्हती, आली याचं मला वाईट वाटतं. थोरली म्हणून लिहिते, राग मानू नका.

भिंगरीनं तुमची तक्रार केलेली नाही. ती करणारही नाही. पण 'पण ते जाऊ दे' असं ती लिहिते तेव्हा काय जाऊ द्यायचं नसतं, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. भावोजी, इतकी माणसं सुखरूप उतरवलीत तुम्ही, कधी कोणावर आवाज चढवल्याचं ऐकलं नाही. मग घरच्याच माणसावर का? सुकाणू हाती आलं की माणूस कप्तान होतो, कबूल. पण बायकोवर ओरडून बोट थांबते असं कुठल्याही पुस्तकात नसेल.

एक उपाय सुचवते. मी सकाळी पूजेच्या वेळी मौन धरते. तेवढ्या वेळात आमच्या घरात एकदाही भांडण झालेलं नाही. (हे म्हणतात, एकट्याला भांडता येत नाही म्हणून.) तुम्हीही धक्क्याला लागताना दोघांनी मौन धरा. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही, अगदी शपथ घ्या. मन शांत असलं की हात आपोआप बरोबर चालतो, हा माझा अनुभव आहे. अर्थात पोळ्यांचा.

आपली,
ताई


२७ सप्टेंबर

ती. ताईंना नमस्कार.

आपलं पत्र दोनदा वाचलं. एकदा एकट्यानं, एकदा तिच्यासमोर. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेली होती.

ताई, सुकाणू माझ्या हाती नाही. तिच्या हाती आहे.

पहिल्या दिवशी माझ्याकडेच होतं. सगळ्यांना वाटलं, हा बसवाला, यालाच जमेल. मलाही वाटलं. धक्का जवळ आला तसा मी सवयीनं उजवा पाय दाबला. पायाखाली साधी फळी. मी आणखी जोरात दाबला. धक्क्यावर कचेरीवाल्यांची फुलझाडाची कुंडी होती, ती आता समुद्रात आहे. त्यानंतरही दोनदा तसंच झालं. पाय ऐकत नाही. मेंदू निवृत्त झाला, पाय अजून कामावर आहे.

तेव्हापासून सुकाणू ती धरते, आणि चांगलं धरते. मी पुढे टोकावर दोर घेऊन उभा असतो. मधे खोली, म्हणून आम्ही एकमेकांना दिसत नाही. इंजिन तिच्या पायाखाली. ती मागून ओरडते. तिचा आवाज आपल्याला ठाऊक आहे, डेपोचा भोंगा बिघडला तरी कोणाला कळायचं नाही. पण इंजिनमुळे मला शब्द ऐकू येत नाहीत. राग तेवढा ऐकू येतो. मी उत्तर दिलं तर ते वाऱ्यानं पुढे जातं. ती म्हणते, तुम्ही उत्तरच देत नाही.

आपल्या उपायाप्रमाणे शपथ घेतली आणि मौन धरलं. डाव्या बाजूला एका बोटीचा बांबू बाहेर आला होता. मला तो चांगला दिसत होता. पण आपल्याला दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून गप्प राहिलो. आम्ही शांतपणे जाऊन आदळलो. त्या बोटीतली माणसं मात्र शांत राहिली नाहीत.

एक गोष्ट आपल्यालाच सांगतो. खाडी मी ओलांडून देईन. तिला एकटीला जमायचं नाही आणि हौस तिची आहे. पण पलीकडे पोचलो की मी उतरणार. बसनं मुलीकडे जाईन. सुखानं म्हातारं व्हायचं ठरवलं होतं, एकमेकांचा राग ऐकत नव्हे. तिला अजून सांगितलेलं नाही. आपणही सांगू नये, ही विनंती.

आपला,
भावोजी


२ ऑक्टोबर

भावोजींना नमस्कार.

मागच्या पत्राबद्दल क्षमा करा. बांबूबद्दल तर दोनदा करा. बोट कधी न पाहिलेल्या बाईनं बोटीचा सल्ला दिला आणि तुम्ही तो पाळलात, यात माझ्यापेक्षा तुमचीच चूक मोठी, असं आमचे हे म्हणतात.

तुमचं गुपित ठेवते. पोटात ठेवणं मला जड जातं, म्हणून देवाला सांगितलं. तो कुठे बोलायचा नाही.

पण तुमचं पत्र आल्यापासून मला चैन नाही. दोन शहाणी माणसं, एकमेकांचं वाईट चिंतत नाहीत, मग होतं काय? शेवटी मी करून पाहिलं. आमचं लोखंडी कपाट माजघरातून मागच्या खोलीत न्यायचं होतंच. ह्यांना पुढे घातलं, मी मागे. मधे कपाट. म्हणजे तुमची बोट झाली की नाही?

मी म्हटलं, "डावीकडे घ्या."

"कोणाच्या डावीकडे?"

"माझ्या हो!"

"तू दिसत नाहीस, तुझं डावं कुठून दिसणार?"

"अहो, दार आलं!"

"दार माझ्या पाठीला लागलंय, ते तू मला सांगतेस?"

भावोजी, मी ओरडले. शेजारीण खिडकीत आली, इतकी ओरडले. आणि ओरडताना मला स्पष्ट कळत होतं, की मला राग आलेलाच नाही. मला भीती वाटत होती. ह्यांची बोटं दारात सापडतील याची. मागे राहणाऱ्याला काही दिसत नाही आणि जोर मात्र सगळा त्याच्याच हातात. हे कपाटाला हात लावल्याशिवाय कळलं नसतं. कपाट अजून दारातच आहे, आम्ही बाजूच्या फटीतून अंग चोरून जातो येतो.

आता एक प्रश्न. उत्तर नीट आठवून द्या. तुमच्या बसमध्येही मागे कंडक्टर असायचा. मधे खच्चून भरलेली माणसं, पोरांची रडारड, इंजिनचा आवाज. त्याला पुढचं दिसत नव्हतं, तुम्हाला मागचं. त्याच्याशी तुमची भांडणं होत होती का? होत नसतील, तर का?

आपली,
ताई


७ ऑक्टोबर

ती. ताईंना नमस्कार.

कंडक्टरशी? कधीच नाही. कितीतरी बदलले, त्यातले दोन तर मुलखाचे भांडखोर होते. एकाचं स्वतःच्या सावलीशीही पटत नव्हतं. पण गाडी चालू असताना आमचं एकदाही वाजलं नाही.

का, ते आज आपण विचारलंत तेव्हा विचार केला. आम्ही बोलतच नव्हतो. दोरी ओढून तो घंटी वाजवायचा. एक म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. घंटीला मी कधी 'का' म्हणून विचारलं नाही. मागे कोणाचा पाय अडकलाय, कोणाचं पोर खाली राहिलंय, ते त्याला दिसत होतं, मला नाही. आणि घंटी चिडलेली आहे की खुशीत, ते कळत नाही. सगळ्यांची सारखीच वाजते.

आपण हे का विचारलंत ते समजलं नाही. कपाटाला खालून फडकं घालून ओढा, सरकेल.

पंधरवड्यात निघू. वारा अजून बरा आहे. माझा बेत कायम आहे.

आपला,
भावोजी


११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

सुकाणू तू धरतेस हे मला का सांगितलं नाहीस? मी म्हणाले असते, 'लहानपणी भातुकलीतही सगळ्यांना हुकूम सोडायचीस', म्हणून? म्हणाले असतेच. पण त्याबरोबर जरा फुशारकीही मारली असती. आपल्या घराण्यात आजवर कोणी साधी होडीसुद्धा वल्हवलेली नाही.

पार्सल उघडलंस ना? घंटा आहे. आमच्या देवापुढची. नवी विकत घेऊ नकोस, ही चांगली खणखणीत आहे, चार घरं ऐकतात. इंजिनच्या वरून तुझ्या कानापर्यंत येईल. देवाला मी हात जोडून सांगितलं, की काही दिवस टाळीवर भागवून घे.

आता नीट ऐक. ही भावोजींच्या हातात द्यायची. तू वाजवायची नाहीस. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ते त्यांना शिकवायला नको, तुला शिकायचं आहे. पुढचं त्यांना दिसतं. धक्का असो, बांबू असो, नाहीतर तुला मुळीच न दिसणारं काही असो. एक वाजली की तू थांबायचं. 'का' म्हणून विचारायचं नाही, आपलं मत सांगायचं नाही, आणि 'अजून पुष्कळ लांब आहे' असं तर अजिबात म्हणायचं नाही. थांबल्यावर विचार काय ते.

तुला जड जाईल. आयुष्यभर तू सांगायचीस आणि गाड्या सुटायच्या. पण मी कपाट ढकलून पाहिलं आहे. मागच्या माणसाला वाटतं, आपण ओरडलो नाही तर सगळं बुडेल. ओरडतो म्हणजे काळजीच करतो आपण, पण ती पुढे पोचेपर्यंत तिचा राग होतो.

आणखी एक सांगायचं होतं. पण सांगणार नाही असा शब्द दिला आहे, म्हणून सांगत नाही. काही नाही, असं समज.

खाडी ओलांडलीस की आधी पत्र टाक, मग झोप. मी रोज देवाला विचारते, तोही नीट सांगत नाही.

तुझी,
ताई


२९ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार. आम्ही पलीकडे पोचलो.

तुला गुपित ठेवता येत नाही, हे आता तरी मान. 'काही नाही, असं समज' वाचलं आणि मी सगळं समजले. पण तुझ्या आधीच समजले होते गं. खाडीपलीकडून मुलीच्या गावाला गाडी कितीला असते, हे त्यांनी मला चार वेळा 'सहज' म्हणून विचारलं. दुसऱ्या कोणाला तरी विचारायचं! आयुष्यभर वेळा सांगितल्या, त्या बाईलाच विचारायचं? मी खरी वेळ सांगितली. चुकीची सांगता आली असती, पण ते तोंडातून निघेना. साडेचारची गाडी आहे, बंदराच्या दारातून सुटते.

घंटा दिली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "मी वाजवायची?"

"ताईचा हुकूम आहे."

"आयुष्यभर ऐकली. वाजवली कधीच नाही."

निघालो तेव्हा दोन वाजल्या. टण टण. मला हसू आलं. मधल्या पाण्यात वारा चांगला होता, शीड लावलं होतं, त्यामुळे भांडायला कारणच नव्हतं. बोट दिवसभर एका कुशीवर, मी दुसऱ्या. दुपारी पलीकडचं बंदर दिसायला लागलं तसं शीड उतरवून इंजिन लावलं. आणि मी सवयीनं ओरडायला तोंड उघडलं. तुझं कपाटाचं आठवलं. खरं आहे ताई, तो राग नसतो.

बंदराचं तोंड अजून चांगलं लांब होतं. समोर स्वच्छ पाणी. आणि एक घंटा वाजली.

तुला काय सांगू! 'काय झालं? मोकळं तर आहे! अजून पुष्कळ लांब आहे!' हे सगळं माझ्या दातांपर्यंत आलं होतं. तू बजावलं होतंस ते वाक्य तर अगदी शब्दशः. पण ते गिळलं. इंजिन उलटं फिरवलं, बोटीनं विचार केला, थांबली. मग मी इंजिन बंदच केलं.

इंजिन बंद झाल्यावर काय झालं माहीत आहे? मला ते ऐकू आले. पुढे उभे राहून ते बोलत होते. माझ्याशी. सावकाश, रोजच्यासारखं. "जाळं आहे गं पुढं. पाण्याच्या जेमतेम खाली. मच्छीमारांनी टाकलंय, वर तरंगायची बुचं बुडालीत. जरा थांब, डावीकडून वाट आहे."

मी विचारलं, "तुम्ही कधीपासून बोलताय?"

"कधीपासून म्हणजे? पहिल्या दिवसापासून."

त्या जाळ्यात बोटीचा पाण्यातला पंखा अडकला असता तर वाऱ्यानं आम्हाला कुठे नेलं असतं, ते तुला लिहीत नाही. उगाच देवाला त्रास देशील. त्यांनी बांबूनं पाणी चाचपलं, दोन वाजवल्या, आम्ही डावीकडून आत शिरलो. बंदरात एक, मग दोन, मग पुन्हा एक. धक्क्यावर एक आजोबा सल्ला द्यायला उठले होते, त्यांनी अर्धा हात वर केला आणि काही बोलायचं उरलं नाही म्हणून परत बसले.

बोट धक्क्याला टेकली. दोर त्यांच्या हातात होता. त्यांची पिशवी खोलीच्या दाराशी भरून ठेवलेली होती, ती मी सकाळीच पाहिली होती. बंदराच्या दारातून गाडीचा भोंगा ऐकू आला. मी पुढे गेले नाही. सुकाणू धरूनच विचारलं, "गाडी लागली आहे. उतरणार का?"

ते म्हणाले, "काय? ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोल की."

ताई, एवढ्या आयुष्यात मला हे कोणी म्हटलेलं नाही.

मी म्हटलं, आणि अख्ख्या बंदरानं ऐकलं, "उतरणार आहात का?"

त्यांनी दारातल्या गाडीकडे पाहिलं, मग हातातल्या दोराकडे. "उतरतो. हा दोर बांधतो आणि वर येतो. तू चहा टाक."

तुझी,
भिंगरी